वरच्या बांधीतली हवा

बोलताना डॉक्टर समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत. त्यांची नजर गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधल्या खळगीवर असे. श्वास आत जाताना तिथली कातडी किंचित ओढली जाते, बाहेर येताना सपाट होते. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या शर्टावर काहीतरी सांडलंय. तो हळूच खाली पाहून घ्यायचा. बायकांशी बोलताना मात्र डॉक्टर मुद्दाम भिंतीकडे पाहत. तो त्यांचा सभ्यपणा होता. त्यामुळे दवाखान्यात येणाऱ्या बायकांचं असं मत झालं होतं, की डॉक्टर चांगले आहेत पण त्यांना भिंतीवर कोणीतरी दिसतं.

गोंदियात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. रिक्षावाल्याला "बेहोशीवाले डॉक्टर" एवढं सांगितलं की तो राइस मिलच्या मागच्या गल्लीत आणून सोडायचा. हे नाव त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

"बेहोश तर दारूचा गुत्तापण करतो," ते म्हणत. "मी परत आणतो. पाटी लावायची तर ती लावा."

नव्व्याण्णव साली गोंदिया जिल्हा झाला, वर्तमानपत्रानं इथं बातमीदार नेमला आणि मला त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं मिळाली. ते एकटे राहत. मिल सुरू असली की उकड्या तांदळाचा जड, गोडसर वास गल्लीभर साचायचा. दुपारच्या उन्हात कोंड्याचे कण तरंगत राहायचे आणि बराच वेळ खाली बसायचे नाहीत. त्या उजेडात डॉक्टर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले असत. मांडीवर काळ्या रबराची एक पिशवी. पपईएवढी, तोंड बांधलेली. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला श्वास देण्यासाठी भूलतज्ज्ञ जी पिशवी दाबतात, तीच, जुनी झाल्यावर घरी आणलेली. उजव्या हातानं ते ती दाबायचे, सोडायचे. दाबायचे, सोडायचे. डोळे उघडे, पण कुठंच नसलेले. जिन्यावरून उतरताना मी थोडा वेळ उभा राहिलो तर माझा श्वास आपोआप त्या हातासोबत चालू लागायचा. हे लक्षात आल्यावर मी घाईनं उतरून जात असे.

"हे कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"हात विसरतो," ते म्हणाले. "डोकं विसरलं तर पुस्तक आहे. हात विसरला तर काय उघडून पाहू?"

ते मूळचे आमगावकडच्या शेतकरी घरातले. पेशंटशी तिकडच्या झाडीबोलीत बोलत, बाजारात हिंदीत, आणि मला शहरातून आलेला समजून माझ्याशी पुस्तकी मराठीत. रागावले की तिन्ही एकत्र व्हायच्या. गावातल्या सगळ्या खासगी दवाखान्यांत भूल द्यायला तेच जात. जुनी स्कूटर, मागे औषधांची पेटी, आणि पेटीवर गाईच्या वशिंडासारखी बांधलेली कापडाची गाठोडी. तिच्यात काय असतं ते मला फार उशिरा कळलं. सलाइनच्या जुन्या, काचेच्या रिकाम्या बाटल्या. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या तरी त्यांनी त्या फेकल्या नव्हत्या. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट थंड पडू नये म्हणून ते त्यांत गरम पाणी भरत, फडकं गुंडाळत आणि पेशंटच्या कुशीत, पायाशी ठेवत. ठेवण्याआधी प्रत्येक बाटली स्वतःच्या गालाला लावून पाहत. गाल डोळे मिटून बाटलीला टेकवलेले डॉक्टर, हे दृश्य पाहून नव्या नर्सेस हसायच्या. दुसऱ्या कोणाच्या गालावर त्यांचा विश्वास नव्हता. थिएटरमधल्या जुन्या सिस्टर लीलाबाई, ज्यांनी त्यांच्यासोबत हजारो पेशंट पाहिले असतील, त्यांनाही ते बाटली पारखू देत नसत.

"तुमचा गाल उन्हातान्हात फिरलेला नाही," ते सांगायचे.

"अन् तुमचा काय दूधपित्या पोराचा हाय जी?" लीलाबाई म्हणायच्या.

पेशंटला भूल चढल्यावरही ते त्याच्याशी बोलत राहायचे. हे मी स्वतः पाहिलं आहे. सर्जनच्या परवानगीनं एकदा थिएटरच्या कोपऱ्यात उभं राहायला मिळालं होतं. टेबलावर एक म्हातारे गृहस्थ निजले होते आणि डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकून सांगत होते, "आता पोटात हात गेलाय काका. थोडं ओढल्यासारखं होईल. तुम्ही आपल्या आंब्याखाली बसा. घाई नाही." सर्जन गोंदियातल्याच जुन्या व्यापारी घरातले, हिंदी बोलणारे, चांगल्या मनाचे आणि उतावळे. ते मास्कमधून म्हणाले, "डॉक्टरसाब, वो सुन नहीं रहे हैं. मैं सुन रहा हूँ."

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला त्याचं कारण सांगितलं. मोठ्या ऑपरेशनला दोन गोष्टी लागतात. एक, माणसाला काही कळू नये. दुसरी, त्याचे स्नायू सैल पडावेत, नाहीतर पोट दगडासारखं राहतं. यांची औषधं वेगवेगळी. "सैल करणारं औषध दिलं की माणूस बोट हलवू शकत नाही, पापणी उचलू शकत नाही, श्वास घेऊ शकत नाही. समजा पहिलं औषध थोडं कमी पडलं आणि त्याला कळलं, तर तो सांगणार कसा? फक्त नाडी त्याची असते. तो नाडीनं बोलतो. मग मी तोंडानं बोलतो. एकटा पडू नये माणूस."

हे सांगताना त्यांचा उजवा हात हवेत दाबत होता, सोडत होता.

त्यांना खरा ध्यास मात्र फुफ्फुसांचा होता. त्यांच्या लेखी हृदय म्हणजे फक्त ढकलणारं. खरी जादू पुढं व्हायची. एका ऑपरेशन शिबिरासाठी आम्ही जीपनं चाललो होतो. रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, एकीखाली एक, आणि त्यांच्यात आभाळ पडलेलं. डॉक्टरांनी जीप थांबवली आणि दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर जाऊन उभे राहिले.

"इकडं या," ते म्हणाले. "फुफ्फुस पाहायचंय ना? हे बघा."

मी पाहू लागलो.

"पाणी म्हणजे रक्त. माणूस उताणा निजला की रक्त पाठीकडच्या, खालच्या बांध्यांत भरतं. जागा असताना छाती आणि पोटाच्या मधला पडदा ओढला जातो, आणि हवाही खालीच जाते. जिथं पाणी, तिथं हवा. देवानं सोय केली म्हणा, आपोआप झाली म्हणा. आता मी सैल करणारं औषध दिलं. पडदा लुळा पडला. हवा मी ढकलायची. ढकललेली हवा आळशी असते, सोपी वाट धरते. ती वरच्या बांधीत जाते. हवा वर, पाणी खाली." त्यांनी माझ्या गळ्याच्या खळगीकडे पाहिलं. "मग रोवणी कुठं करायची?"

खालच्या बांधीत वाकलेल्या बायकांपैकी एकीनं कंबर सरळ केली.

"काय पाहून राहिले जी एवढं? कदी धान पाहिला नाही का?"

"फुफ्फुस दाखवून राहिलो यांना," डॉक्टर म्हणाले.

"या मंग, दोन हात रोवा. वरून दाखवून काय होते?"

बायका हसल्या. डॉक्टरांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वळली आणि खरोखरच चिखलात उतरले. ओळ वाकडी लावली. त्या बाईनं त्यांच्यासमोर ती उपटून पुन्हा लावली. शिबिरात आम्ही उशिरा पोचलो, त्यांच्या पोटऱ्यांवर चिखल वाळलेला होता.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांना ते बैल म्हणत. ही औषधं फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांना स्वतः फारसं काही करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पाहायचं ते हे, की येताना ती सोबत काय आणतात. एक बैल पळतो, म्हणजे हृदयाची गती वाढवतो. एक लाथ मारतो: अंगावर लाली येते, छाती आवळते, रक्तदाब पडतो. एक शांत आहे, पण जागचा उशिरा हलतो. "आणि बैल कोणताही जुंपा, कासरा माझ्या हातात. हवा कमी गेली की फुफ्फुसातल्या नळ्या आवळतात. नळ्या आवळल्या की उजवं हृदय धापा टाकतं. दोष बैलाला देतात, झोपलेला असतो गाडीवान."

सर्जननी दवाखान्यात श्वास देणारं नवं मशीन आणलं तेव्हा त्यांनी ते विरोध न करता वापरलं. फक्त एक हात पिशवीवर ठेवून. पिशवीतून त्यांना छाती कळते, असं ते म्हणायचे. मऊ झाली, कडक झाली, ओली झाली. यात किती खरं होतं ते मी तपासलेलं नाही.

वंदना त्यांच्याकडे पहिल्यांदा आली ती पावसाळ्याच्या शेवटी. सालेकशाजवळच्या एका गावातली, विशीच्या आतबाहेरची मुलगी. सोबत आई. बौद्ध कुटुंब, थोडी शेती, उन्हाळ्यात बिडीसाठी तेंदूपान तोडायचं काम. मुलीच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते आणि तिला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यात हा आजार पुष्कळ घरांत आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. थंडी लागली, ऑक्सिजन कमी पडला, की जास्त वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. वंदनाच्या बाबतीत त्या फुफ्फुसात अडकत आल्या होत्या. नागपूरच्या तपासणीत लिहून आलं होतं, की फुफ्फुसाकडे जाणाऱ्या नळीतला दाब वाढलेला आहे.

डॉक्टरांनी तिची छाती ऐकली. बराच वेळ ऐकली.

"नाही," ते सर्जनना म्हणाले. "हिला मी सैल करणार नाही. नागपूरला पाठवा."

वंदना तिथंच बसली होती. ती म्हणाली, "नर्सिंगच्या कोर्सले नाव लागलं हाय माझं. जूनमंदी सुरू होते. तवापर्यंत उभी राहीन ना मी पायावर?"

"तू आधी श्वास घे," डॉक्टर भिंतीला म्हणाले.

नागपूरला लांबची तारीख मिळाली. ती येण्याआधी तिला ताप आला, पोटात पुन्हा कळ उठली, आणि जानेवारीत आईनं तिला गोंदियालाच आणलं. गोंदियाचा जानेवारी बोचरा असतो. आता थांबलं तर आत पू होईल, आणि त्या तापातच फुफ्फुसाची नळी बंद पडेल, हे डॉक्टरांनाही दिसत होतं. त्यांनी होकार दिला. आदल्या दिवशी ते खुर्चीत बसून होते, पण मांडीवरची पिशवी दाबत नव्हते, नुसती धरून होते.

पुढचं मला लीलाबाईंनी आणि सर्जननी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जुळतं तेवढंच लिहितो.

थिएटरमध्ये एसी बंद होता, दोन हीटर लावले होते, सलाइनसुद्धा कोमट करून घेतलं होतं. सर्जनच्या कपाळावरून घाम गळत होता. "हम इधर उबले चावल हो रहे हैं, डॉक्टरसाब." डॉक्टरांनी शांत बैल निवडला होता. वंदनाला भूल चढली, स्नायू सैल पडले, आणि तिचा श्वास त्यांच्या उजव्या हातात आला. बाटल्या त्यांनी आधीच गालाला लावून, पारखून ठेवल्या होत्या. ते तिच्याशी बोलत होते. बांधीतल्या पाण्याबद्दल बोलत होते म्हणे, धान केव्हा निसवतो, लोंबी केव्हा बाहेर पडते त्याबद्दल.

ऑपरेशन लांबलं. पित्ताची पिशवी आतड्यांना चिकटली होती. पायाशी ठेवलेल्या बाटल्या निवल्या, म्हणून लीलाबाईंनी त्या काढल्या, पातेल्यात पुन्हा तापवल्या आणि घेऊन आल्या.

"सर, बाटली."

त्याच वेळी श्वासाची पिशवी हाताला थोडी कडक लागली असावी. डॉक्टरांचे डोळे छातीवर होते, कान छातीवर होता, एक हात पिशवीवर. ती सोडून गाल पुढं करायचा म्हणजे तिच्या श्वासावरून हात काढायचा. आणि बाटल्या तर पारखलेल्याच होत्या, असं त्यांच्या डोक्यात होतं. "लावा," ते म्हणाले. लीलाबाईंनी लावल्या. उष्णतेचं खातं डॉक्टरांचं, तिथं आपण डोकं चालवायचं नाही, हे त्या इतक्या वर्षांत शिकल्या होत्या. चादरीखाली एका बाटलीचं फडकं सरकलं.

काही वेळानं वंदनाची नाडी वाढली.

डॉक्टरांनी छाती ऐकली. ऑक्सिजन वाढवला. हवा वर जातेय, रक्त खाली राहतंय, नळ्या आवळताहेत, ज्याची इतके महिने भीती होती तेच सुरू झालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी हाताचा ताल बदलला, भूल थोडी खोल केली. हळूहळू नाडी खाली आली.

"शाबास पोरी," ते तिच्या कानात म्हणाले. "शाबास."

ऑपरेशन झालं. सैल करणाऱ्या औषधाचा उतारा दिला. हा त्यांचा नेहमीचा अवघड वेळ. देणं सोपं, परत घेणं अवघड, ते म्हणत. वंदनानं पहिला श्वास स्वतः घेतला, मग दुसरा. डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं डोकं उचललं आणि उचलून धरलं. फुफ्फुसांनी काहीही कुरकुर केली नव्हती. सर्जननी दारातूनच चहा सांगितला. डॉक्टर हसत होते, असं लीलाबाई म्हणतात. मग त्यांनी पायावरची चादर काढली.

उजव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, तळहाताएवढी जागा पांढरी पडली होती.

सैल नसती तर तिनं पाय झटकला असता. तिनं नाडीनं सांगितलं होतं, आणि डॉक्टरांनी ते ऐकलं होतं, पण त्यांना त्या दिवशी फुफ्फुसाशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

सर्जननी त्यांना बाजूला घेतलं. "सिकलवालों को तो यहीं घाव होते हैं, डॉक्टरसाब. टखने के ऊपर. सब जानते हैं. कोई पूछेगा भी नहीं." हे खोटं नव्हतं. या आजारात तिथंच जखमा होतात आणि वर्षानुवर्षं भरत नाहीत. म्हणूनच ते सांगणं सोपं होतं, आणि म्हणूनच ती जखम भयंकर होती.

आई व्हरांड्यात बसली होती. डॉक्टर तिच्यासमोर उभे राहिले. मी तिथंच होतो. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही.

"बाई, पोरगी श्वास घेऊन राहिली. छाती चांगली आहे. पण तिचा पाय मी जाळला."

ती पदर सावरून उठली.

"म्हणजे काय करू मी आता?" ती म्हणाली. "जीव वाचवला म्हणून पाया पडू, का पाय जाळला म्हणून शिव्या देऊ?"

"दोन्ही करा," डॉक्टर म्हणाले. "आधी शिव्या."

तिनं दिल्या. पाया ती पडली नाही.

त्यानंतर दर रविवारी डॉक्टर सालेकशाच्या गाडीत बसू लागले. हातात स्टीलचा डबा, त्यात पट्ट्या, चिमटे, मलम. मी कधी कधी सोबत असे. दरेकशाकडचं जंगल खिडकीतून जवळ येई, मागे जाई, पुन्हा जवळ येई. गाडीच्या डब्यात बिडीचा धूर, कुणाच्या टोपलीत कोंबडी. स्टेशनवरून पायी. आई दारातच असायची.

"आले का? बसा. चहा नाही म्हणा नाहीतर घ्या, विचारणार नाही मी."

पहिले दोन महिने तिनं त्यांना एवढंच ऐकवलं. ते खाटेजवळ जमिनीवर बसायचे, वंदनाचा पाय मांडीवर घ्यायचे आणि जखम धुवायचे. जखम तशीच असायची. कधी मोठीच झालेली वाटायची. सिकलसेलचं रक्त तिथवर पोचतच नाही, ते मला परतीच्या वाटेवर सांगायचे. एवढ्या लांबच्या बांधीत पाणी कोण सोडणार?

पळस फुलला होता, त्या सुमारास वंदनानं त्यांना स्वप्न सांगितलं. तिच्या दृष्टीनं ती गंमत होती.

"डॉक्टर, मले काही दिसत होतं तवा, माहीत हाय? मी बांधीत उभी होतो. लय चांगलं वाटून राहिलं होतं. मंग पाणी गरम व्हायले लागलं. आता बांधीतलं पाणी गरम कायले होईल? पाय काढून राहिलो तर निघेच ना. चिखलानं धरून ठेवला होता. अन् तुम्ही कुठून तरी म्हणून राहिले होते, शाबास पोरी, शाबास."

ती हसली. डॉक्टरांच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मंग काही नाही. मंग सगळं काळं झालं."

त्यांनी पट्टी पूर्ण केली. नेहमीपेक्षा सावकाश. गाडीत बसल्यावर ते खिडकीला डोकं टेकून बाहेर पाहत राहिले. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं. मग म्हणाले, "दुखत होतं तिला. मी तिला शाबासकी दिली."

त्या आठवड्यापासून थिएटरमध्ये त्यांची एक नवी सवय सुरू झाली. कोणाचीही नाडी वाढली, की ते मशीनवर श्वास सोपवून आधी पायाकडे जात. चादर उचलून तळवे चाचपत, टाचा पाहत, मग वर येत.

"डॉक्टरसाब, फेफड़े ऊपर हैं," सर्जन म्हणायचे.

"माहीत आहे. मला एवढंच माहीत होतं, म्हणून तर तसं झालं."

मोहाची फुलं गळू लागली. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात, आणि वंदना एकटी घरात, पाय उशीवर. अंगणात वाळत टाकलेल्या फुलांचा वास इतका दाट असायचा, की बोलताना शब्द जड व्हायचे. जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या. डॉक्टर विश्वास ठेवत नव्हते. त्यांनी भिंग आणलं. आईनं विचारलं, "एवढं काय पाहता? सोनं निघते का तिथून?" त्या रविवारी तिनं चहाचं विचारलं. मग तेंदूपानाचा हंगाम आला. आई पानांच्या गड्ड्या बांधत ओट्यावर बसू लागली, तिच्या शेजारी डॉक्टर. दोघं भांडायची. पान कसं बांधावं याबद्दल डॉक्टरांची मतं होती.

"तुम्ही बेहोशीचं पाहा, पानाचं मी पाहतो," ती म्हणायची.

मेच्या शेवटच्या रविवारी मी सोबत होतो. ऊन असं होतं, की अंगणातली कोंबडी चोच उघडी ठेवून उभी होती. डॉक्टरांनी डबा उघडला, पाय मांडीवर घेण्यासाठी हात पुढं केला. वंदनानं चिमटा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"द्या इकडं. मी करतो आज."

"हात धुतले?"

"धुतले जी. तुमच्यापेक्षा चांगले."

तिनं जुनी पट्टी भिजवून सोडवली. खाली जखम नव्हती. पातळ, चकचकीत, काळपट गुलाबी कातडी होती, पाण्यावर साय धरावी तशी. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "चाल."

ती दारापासून फाटकापर्यंत गेली आणि आली.

"आणखी एकदा."

"पुढच्या सोमवारी कोर्सले गोंदियाले चालतच येतो, तवा पाहून घ्या," ती म्हणाली, पण पुन्हा चालली.

डॉक्टर ओट्याच्या कडेला लावलेल्या खाटेवर बसले. करायला काहीच उरलं नव्हतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले, मग खाटेवर ठेवले, मग आडवे झाले, पाय लांब केले. आईनं चहा आणेपर्यंत ते झोपले होते. तोंड किंचित उघडं. मी त्यांना त्याआधी झोपलेलं पाहिलं होतं की नाही, आठवत नाही. इतकं खोल तर नक्कीच नाही.

"उठवू का?" मी विचारलं. "गाडी..."

"राहू द्या," आई म्हणाली. "सांजेले दुसरी हाय."

आम्ही तिघं चहा प्यालो. आई गड्ड्या बांधू लागली. छपराची सावली मागे सरकत होती. वंदनाचं लक्ष आधी गेलं. ऊन खाटेच्या टोकावर चढून डॉक्टरांच्या उघड्या पावलांवर आलं होतं. मेचं, दुपारचं ऊन. ते पाय ओढून घेत नव्हते.

ती उठली. आई उठली. एकीनं उशाकडचं लाकूड धरलं, एकीनं पायाकडचं. मी हात लावायला गेलो तर वंदनानं मानेनंच नको म्हटलं. दोघींनी खाट माणसासकट उचलली.

"हळू माय, हळू," आई म्हणाली. "जागा होईल बुढा."

वंदनाचं सगळं वजन उजव्या पायावर आलं होतं. पाय थरथरला आणि टिकला. दोघी एक एक पाऊल टाकत खाट सावलीत घेऊन गेल्या, हलकेच खाली ठेवली. ते जागे झाले नाहीत.